श्वासाची पाळी

“भाऊजी, तुमचा हात मंदावून राह्यला,” बयना म्हणाली.

 रबराची ती काळी पिशवी उत्तमने पुन्हा नेटाने दाबली, सोडली, दाबली. पिशवीतून निघालेली नळी आईच्या तोंडात गेली होती. दाबले की चादरीखाली तिची छाती वर येई, सोडले की खाली बसे. याखेरीज त्या देहात कसलीही हालचाल नव्हती. पापण्या मिटलेल्या होत्या आणि त्या सुकू नयेत म्हणून परिचारिकेने वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या होत्या.

आदिलाबादच्या त्या खाजगी दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या खोलीत चार खाटा होत्या आणि श्वास देणारे यंत्र एकच. ते उत्तमच्या आईच्या, भागीरथाबाईच्या, आधी आलेल्या एका बाळंतिणीला लावलेले होते. मग डॉक्टरांनी भागीरथाबाईच्या घरच्यांच्या हाती ही पिशवी दिली. परिचारिका निर्मल गावाकडची, तेलुगू बोलणारी, तिने कसे दाबायचे ते एकदा दाखवले आणि एकाच शब्दात बजावले, “आपकंडी.” थांबू नका. पिशवीला ती अंबू म्हणे. देवाजी फुगा म्हणे. थोरला उत्तम, धाकटा देवाजी आणि देवाजीची बायको बयना, असे तिघे पाळीपाळीने भागीरथाबाईचा श्वास चालवत होते. एकाने दाबायचे, एकाने जेवायचे, एकाने वऱ्हांड्यात पाठ टेकायची.

“द्या इकडं,” बयना म्हणाली. “तुमी तं पटवाऱ्यावानी शिक्के मारून राह्यले.”

तिने पिशवी घेतली आणि घेताघेता सासूशी बोलायला सुरुवात केली. “आत्याबाई, तुमी इथं गादीवर निजल्या, अन तिकडं तुमची शेळी मले शिंगं दाखवून राह्यली. धार काढू देत नाई. तुमी उठा अन तिले काय सांगाचं थे सांगा. रांडेनं काल भगुनं लाथाडलं.”

“बयना, तिले आयकू येत नाई.”

“येत नसन तं नसन. मले बोलल्याबिगर हात चालवता येत नाई.”

उत्तम वऱ्हांड्यात आला. बोटे आखडली होती. ती त्याने एकेक करून सरळ केली.

तो तलमडुगुच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. गावोगावच्या शाळांत जाऊन सापांवर व्याख्यान देणे हा त्याचा जुना उद्योग. विषारी साप कोणते, बिनविषारी कोणते, मंत्राने विष उतरते असे लोकांना का वाटते. तर बहुतेक चावे बिनविषारी सापांचे असतात आणि श्रेय मांत्रिकाला जाते. हे सगळे तो फळ्यावर आकृती काढून समजावून देई. त्याच्याच घरात मण्यार निघाली. आई ओसरीवर जमिनीवर निजलेली. मण्यारीचा चावा दुखत नाही. आईला तो कळलाही नाही. पहाटे तिच्या पोटात कळ आली, मग पापण्या जड झाल्या, मग जीभ. शेजारीपाजारी म्हणाले, करणी असेल. उत्तमने गोधडी झटकली, तर घडीतून पांढऱ्या पट्ट्यांचा काळा साप खाली पडला. शेजाऱ्यांनी तो तिथेच मारला. सरपंच उद्धवरावांची जीप मिळाली. वाटेवरच्या गावात साप उतरवणारा एक म्हातारा राहत होता. देवाजीने रडत रडत हात जोडले, “दादा, दोन मिनटं थांबू. वाटंवरच हाय.” उत्तमने ड्रायव्हरला थांबू दिले नाही. दवाखान्याच्या पायरीशी आईचा श्वास बंद पडला आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे नळी घातली.

ही एक गोष्ट त्याने निःसंशय बरोबर केली होती. पुढे सगळे गाव तिच्याबद्दलच बोलत राहिले.

डॉक्टर तेलुगू होते, हिंदीत बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी उत्तमला बाजूला घेऊन सांगितले होते, “मास्टर, दिमाग को कुछ नहीं हुआ. तार कटे हैं. पावर हौस चालू है.” मज्जातंतू आणि स्नायू जिथे जुळतात तिथे हे विष बसते, मज्जातंतूंची टोके नवी यायला वेळ लागतो, तोवर श्वास आपण द्यायचा. उत्तमला ते पटले. वर्गात सांगण्याजोगी उपमा आहे, असेही वाटले. पण दिवस गेले आणि आईचे बोटही हलले नाही. तेव्हा एकदा त्याने कापसाच्या घड्या उचलून, पापणी वर करून, खिशातली बॅटरी तिच्या डोळ्यावर धरली. बाहुली मोठी होती. उजेड पडूनही ती लहान झाली नाही. दुसऱ्या डोळ्याचे तेच. बाहुली प्रकाशाला दाद देत नाही म्हणजे मेंदू गेला, असे त्याने पुस्तकात वाचले होते.

डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, “इस साँप में आँख का भरोसा नहीं. रुको.”

हे उत्तर त्याला शास्त्रीय वाटले नाही. धीर देण्यासाठी लोक असेच बोलतात. त्यानेही वर्गात नापास होणाऱ्या पोरांच्या बापांना असे सांगितले होते. तेव्हापासून आईची छाती वर येताना तो पाही आणि त्याच्या मनात एकच वाक्य येई: आपण एका पिशवीने दुसरी पिशवी फुगवतो आहोत. हे वाक्य तो कोणाला बोलला नाही. देवाजीने ते सहन केले नसते. आणि बयनाला ते कळलेच नसते. ती बाई दगडाशीही बोलली असती.

त्या दुपारी देवाजी पेरणी बघायला गावी गेला होता. बयना डबा घेऊन बाहेरच्या झाडाखाली बसली. परिचारिका पलीकडे बाळंतिणीच्या खाटेशी पाठमोरी, सलाईनची बाटली बदलत होती. कूलर घरघरत होता. उत्तमने पिशवी दाबली, सोडली, आणि पुन्हा दाबली नाही.

श्वासाचे केंद्र मेंदूच्या तळाशी असते. ते शाबूत असेल, तर रक्तातला कर्बवायू वाढताच ते छातीला हुकूम देईल, छाती किंचित तरी हलेल. हलली नाही, तर प्रश्न मिटला. एवढा साधा प्रयोग होता.

छाती हलली नाही.

त्याचा डावा हात आईच्या मनगटावर होता. बोटांखाली नाडी पळू लागली, कोणी पाठीस लागावे तशी. तिच्या कपाळावर घामाचे थेंब उमटले. नळीच्या कडेने दिसणारा ओठ आधी फिका पडला, मग जांभळट होत गेला. हे सगळे त्याने पाहिले. एकेक लक्षण त्याला स्वच्छ दिसले, आणि उजवा हात पिशवीवर तसाच राहिला.

दाराशी बयनाच्या चपला वाजल्या. तो आवाज येताच हात आपोआप चालू लागला. दाब, सोड, दाब.

“आत्याबाईले घाम काऊन आला, भाऊजी?”

“उकडून राह्यलं.”

बयनाने कूलरकडे पाहिले. त्याचा झोत खाटेवरच येत होता.  पदराच्या टोकाने तिने सासूचे कपाळ पुसले, गळा पुसला आणि म्हणाली, “द्या इकडं. तुमी जाऊन पडा. तोंड पाह्यलं काय आपलं?”

तो वऱ्हांड्यात जाऊन बाकावर बसला. पोरांना तो पहिल्या तासाला शिकवी: प्रयोग सुरू करण्याआधी वेळ लिहा, आणि कधी थांबायचे ते आधी ठरवा. त्याच्या मनगटावर घड्याळ होते. त्याने ते एकदाही पाहिले नव्हते. कधी थांबायचे तेही ठरवले नव्हते. ज्या प्रयोगाला शेवट ठरवलेला नसतो, त्याला प्रयोग म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते त्याला ठाऊक होते. तो शब्द त्याने मनातही उच्चारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजी गावाहून परतला आणि आईच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळू लागला. मधेच तो थबकला.

“दादा, मायचा अंगठा हालला.”

“भास असन,” उत्तम म्हणाला. पिशवी त्याच्याकडे होती.

“भास कायचा? मी धरून बसलो नं.”

डॉक्टर आले. त्यांनी चादर बाजूला केली, मग ते आईच्या कानाशी वाकले आणि मोठ्याने म्हणाले, “अम्मा, अंगूठा हिलाव.” सगळे पायाकडे बघत राहिले. उजव्या पायाचा अंगठा वर आला आणि खाली गेला. “फिर से, अम्मा.” पुन्हा वर आला.

“सुनती है,” डॉक्टर म्हणाले. “शुरू से सुनती होगी. बोला था ना मास्टर, पावर हौस चालू है.”

बयनाने दोन्ही हात तोंडावर धरले. “अवं माय! म्या शेळीले शिव्या देल्या थ्या साऱ्या आयकल्या काय यायनं?” देवाजी हसता हसता रडू लागला. परिचारिकाही हसली.

उत्तमची बोटे पिशवीवर चालत होती. वायर तोडलेला दिवा लागत नाही, म्हणून वीजच नाही असा निष्कर्ष काढणाऱ्या पोराला त्याने उठाबशा काढायला लावल्या असत्या. तार तुटलेली छाती मेंदूचा हुकूम कसा पाळणार? त्याला हे सांगितलेले होते. समजलेलेही होते. ज्याला समजलेलेच नसते त्याची चूक होते. उत्तमची तर ती चूकही नव्हती.

डॉक्टर निघाले तसा तो त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेला. पिशवी त्याने देवाजीला दिली होती.

“डॉक्टरसाब, तकलीफ भी समझती है?”

“सब समझता है. ठंडा, गरम, दर्द. बता नहीं सकते, बस.” डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आप टाइम पर लाये मास्टर. और आधा घंटा, तो गई थी.”

त्यानंतर उत्तमने पाळी शक्यतो घेतली नाही. औषधे आणायची, पाणी आणायचे, गावाहून आलेल्यांना भेटायचे, अशी कामे त्याने स्वतःकडे ओढली. घ्यावीच लागली, तर तो मान खाली घालून इतक्या एकाग्रतेने दाबी की परिचारिका त्याला हळू करायला सांगे. हळूहळू आईच्या पापण्या उघडल्या. त्या उघडल्या तेव्हा तो मुद्दाम बाहेर होता.

पावसाळा सरता सरता भागीरथाबाई अंगणात बसू लागली. आवाज घोगरा झाला होता, पाय लटपटत होते. पण हातात सूप आले होते आणि तोंडात पूर्वीचाच तिखटपणा. बायका जमत. त्यांतल्या सखूबाईला एकच उत्सुकता होती.

“भागीरथाबाई, मरन कसं असते वो? उजेड-गिजेड काई दिसला?”

“डोळे मिटेल होते, तं काय दिसन? तू मिटून पाय.”

बायका हसल्या.

“आयकू येत होतं,” भागीरथाबाई म्हणाली. “अन हात समजत होता. फुगा कोनाच्या हातात हाय थे न पाह्यता समजे. बयनाचा हात चुलीत फुक मारल्यावानी. एक मोठी, मंग गोष्टीत इसरते, मंग दोन बारक्या. देवाजी म्हंजे फवारनीचा पंप. नुसती घाई. याचं रान कोनी घेऊन पळून राह्यलं काय?”

“अन मास्तराचा?”

उत्तम आत कपडे घालत होता. शर्टाचे बटन अर्धे लागले होते, तो तसाच उभा राहिला. बाहेर सुपाचा आवाज थांबला नाही.

“त्याचा बराबर,” आई म्हणाली. “एकसारखा.”

“मास्तरच थो,” सखूबाई म्हणाली. “सारं मोजून-मापून.”

त्या संध्याकाळी बयना विहिरीवर आणि देवाजी रानात होता. उत्तम आईसमोर जमिनीवर बसला. लहानपणी धडा म्हणून दाखवताना बसे तसा.

“माय, थ्या दवाखान्यात एक दिवस, दुपारी, म्या...”

“पानी दे.”

त्याने तांब्या दिला. ती सावकाश प्याली. अजून गिळताना तिला थांबावे लागे. तांब्या खाली ठेवून तिने ओठ पुसले.

“बयनाले सांगू नको,” ती म्हणाली. “देवाजीलेबी नको. या घरात दोन चुली झालेल्या मले पाह्याच्या नाई.”

तो वाट पाहत बसला. आणखी काहीतरी येईल, शिवी येईल, हात उगारला जाईल. त्याच्या लहानपणी कापूस वेचून आलेल्या हाताने ती चांगली सणसणीत देई.

“तू थकला होता,” ती म्हणाली. विचारले नव्हते, सांगितले होते. “मानूस थकते. जाय, कंदील पुस. काच काळी झाली.”

त्याने काच पुसली. बराच वेळ पुसली.

शाळेत सत्कार ठरवला तो मुख्याध्यापक माणिकरावांनी. उत्तमने टाळायचा प्रयत्न केला.

“सर, यात माझं काही नाही. डॉक्टरांनी केलं.”

“डॉक्टरांपर्यंत कोणी नेलं? वाटेत जीप थांबू दिली नाही, हे साऱ्या मंडलात माहीत झालं आहे. उत्तमराव, तुम्हीच म्हणत होता ना, लोकांना भाषण नको, उदाहरण पाहिजे? आता उदाहरण मिळालं तर तुम्हीच मागे सरता?”

हे वाक्य खरोखरच त्याचे होते. 

शाळेच्या वऱ्हांड्यात टेबल मांडले होते. मैदानात पोरे बसली होती, मागे गावकरी. टेबलावर काचेच्या बरणीत औषधी पाण्यात ती मण्यार होती. नववीच्या पोरांनी तिला चिठ्ठी चिकटवली होती. भागीरथाबाई पांढरे लुगडे नेसून खुर्चीत बसली. खुर्चीत बसायची सवय नसल्याने ती पुढच्या कडेवरच टेकली होती. शेजारी देवाजी आणि बयना. बयना पोरांकडे बघून हसू दाबत होती.

माणिकराव पुष्कळ बोलले. श्रद्धा, अंधश्रद्धा, विज्ञानाची मशाल. मग उत्तमला उभे केले.

 समोर पहिल्या रांगेत त्याच्याच वर्गातली पोरे वह्या उघडून बसली होती. तो जे बोलेल ते लिहून घ्यायची त्यांना सवय होती.

“आईला मी वाचवलं नाही,” तो म्हणाला. “मी तिला दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेलं. तिथून पुढे बयनाबाई आणि देवाजी यांनी वाचवलं. आई ऐकते, यावर बयनाबाईंचा विश्वास होता. माझा नव्हता. मी... माझा विश्वास राहिला नव्हता.”

 पुढचे वाक्य तयार होते. आईकडे त्याची नजर गेली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती बयनाच्या मांडीवर हात ठेवून बसली होती.

“एवढंच,” तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या. पोरांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. उद्धवराव मागून मोठ्याने म्हणाले, “असा मानूस पाह्यजे. एवढं करून नाव भावजयीचं घेते.” यापेक्षा अधिक खरे बोलणे त्याला जमले नाही, आणि जेवढे जमले तेवढ्याचाही विनय झाला.

“आता,” माणिकराव म्हणाले, “मास्तरांनी स्वतःच्या हातानं मातोश्रींना हार घालावा.”

झेंडूचा ओला हार त्याच्या हातात आला. तो आईच्या खुर्चीसमोर गेला. ती पोरांकडे पाहून हसत होती. तिने मान थोडी पुढे केली, त्याला सोपे जावे म्हणून. त्याने हार दोन्ही हातांनी उघडून धरला आणि हात वर नेले.

त्याचे हात तिच्या चेहऱ्यासमोर आले तसे तिचे ओठ मिटले. हसू तसेच होते, डोळे पोरांवरच होते. पण नाकपुड्या फुलल्या, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या आणि तिने खोल, भरपूर श्वास ओढून आत धरून ठेवला. विहिरीत बुडी मारण्याआधी माणूस धरतो तसा. आपण असे केले हे तिला कळलेही नसावे.

हार खांद्यावर बसला. टाळ्या पुन्हा वाजल्या. उत्तमने हात खाली घेतले, ते पाठीमागे धरले आणि एक पाऊल मागे सरला.

मग तिने तो श्वास हळूहळू सोडला.